ताई, त्या गच्चीवरच्या खुर्च्यांसाठी

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

रुएदा, म्हणजे जोड्यांनी गोलात करायचा क्युबन नाच, त्यातलं पार्टनर बदलायचं 'दामे दोस' आता जमतं. हाक कानावर पडली की पाय आपसूक निघतात. याचं श्रेय तुमचं, आणि ते चार लोकांत सांगायला हवं म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय.

बडोद्यात वाढलेल्या माणसाला गोलात नाचायला कुणी शिकवावं लागत नाही. नवरात्रात दांडिया बाजारातली आमची मराठी घरंही गरब्याला बाहेर पडतातच. पण गरब्यात कुठूनही शिरता येतं, दमलं की बाजूला होता येतं, गोल चालूच राहतो. रुएदात एक लीड, म्हणजे जोडीत नाच पुढे नेणारा, जागेवर थांबला तर एका पार्टनरसमोर कुणीच नाही आणि दुसरीसमोर दोघं! साध्या 'दामे'त उजवीकडच्या पार्टनरपाशी जायचं. 'दामे दोस'मध्ये तिला ओलांडून पलीकडच्या पार्टनरपाशी. वेळ मात्र तेवढाच: आठच्या मोजणीतले पाच, सहा, सात. आणि पोचल्या पोचल्या 'दिले के नो', म्हणजे तिला आपल्या समोरून डावीकडे न्यायचं. सगळे लीड एकदम सुटतात, त्यामुळे कुणासाठी थांबायला जागाच नसते.

आपल्याकडे पुरुष कमी, म्हणून मी लीड करायचं ठरलं. एखादीने हे ऐकून नुसतं "बघू" म्हटलं असतं. तुम्ही गच्चीवर प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडल्यात. प्रत्येक खुर्ची म्हणजे एक पार्टनर. गाणं नाही, हात पाठीमागे, फक्त चालायचं. एक-दोन-तीन जागेवर, चारला थांबायचं, पाचला मोठं पाऊल टाकून पहिली खुर्ची मागे टाकायची आणि सातला दुसरीच्या पाठीला हात लागलाच पाहिजे. तुम्ही मधोमध उभ्या राहून मराठीत आकडे मोजत होतात, आणि पाचचा उच्चार मुद्दाम जोरात करत होतात. सगळा भार त्या पाचवर आहे, हे मला तिथे कळलं. पाचला पाऊल आखूड पडलं की सहा-सातमध्ये ते भरून निघत नाही.

मग म्हणालात, "पायांकडे बघू नकोस. एक-दोन-तीनमध्येच तिचा चेहरा शोधून ठेव." एवढ्या एका वाक्याने काम झालं. नजर आधी गेली की खांदा वळतो, खांद्यामागे पाय. ज्या पार्टनरला ओलांडायचं तिलाही तुम्ही वेगळं सांगितलंत, की जाणाऱ्याला हात देऊ नकोस, येणाऱ्यासाठी मोकळा ठेव. बहुतेक ठिकाणी सगळं लीडलाच सांगतात. तुम्ही दोघांनाही शिकवता, म्हणून आपला गोल तुटत नाही.

आणि ते सारखं "आत या, आत या!" गोल फुगला की प्रत्येकाचं अंतर वाढतं, तीन पावलं पुरत नाहीत. साधी गोष्ट आहे, पण एकेकाचा हात धरून आत ओढणाऱ्या तुम्हीच.

हा नाच 1950च्या दशकाच्या अखेरीस हवानात, कासिनो देपोर्तिवो क्लबाच्या मंडळींत रुजला, हेही तुम्हीच सांगितलंत. तिथेही जोड्यांनी गोल धरला आणि एकाच्या हाकेवर सगळ्यांनी पार्टनर बदलले. आवाजात हाक ऐकू आली नाही तर हाताची खूण करायची, दोन बोटं वर म्हणजे 'दामे दोस'. गाण्याचा आवाज वाढला की मी आता तुमच्या हाताकडेच बघते.

घरचं सगळं आवरून तुम्ही आमच्यासाठी वेळ काढलात आणि कधी ते बोलूनही दाखवलं नाहीत. मनापासून आभार, ताई.

पुढच्या बॅचला आणखी दोघी लीड शिकायला तयार आहेत. खुर्च्या मी मांडीन, आकडे तुम्ही मोजा. गच्चीची किल्ली कुणाकडून घ्यायची, तेवढं कळवा.

तुमची,
गोलातली एक लीड