ऑफ-सीझनमध्ये काय खोलायचे, ते स्टॉपेज रजिस्टरला विचारा

संपादक महोदय,

गळीत हंगाम संपला की साखर कारखान्यांत सरसकट ओव्हरहॉलिंग सुरू होते. मिल रोलर, श्रेडरचे हॅमर, बगॅस कॅरियरच्या साखळ्या गाळलेल्या उसाबरोबर झिजतात, ते काम हवेच. बॉयलरची तपासणी तर कायद्याचीच बाब. पण रसाच्या पंपाचे नीट चालणारे बेअरिंग केवळ हंगाम संपला म्हणून का बदलायचे?

युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांच्या 1978 च्या अहवालात विमानाच्या जेमतेम 11 टक्के भागांचा बिघाड वयानुसार वाढताना दिसला. 68 टक्के भागांना धोका जास्त होता तो नवे बसवल्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात. चिपाडाच्या धुळीत आणि रसाच्या ओलाव्यात हे आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. तरी हंगामाच्या पहिल्या आठवड्यातली ब्रेकडाउन आठवून पाहावीत. हातोड्याने ठोकून बसवलेले बेअरिंग, डायल गेज (सूक्ष्म फरक दाखवणारे माप) न लावता जुळवलेले कपलिंग (मोटर आणि पंप जोडणारा भाग), गच्च ग्रीस भरलेले हाउसिंग (मोकळ्या जागेचा तिसरा हिस्सा ते निम्मी भरली की पुरते), ही त्यांची नेहमीची कारणे.

स्टॉपेज रजिस्टरमधली, म्हणजे यंत्रे बंद पडल्याच्या नोंदवहीतली, 'बेअरिंग गेले, बदलले' ही नोंद कुचकामी. पंपाचा नंबर, बेअरिंग कपलिंगकडचे की पलीकडचे, बसवल्यापासून किती तास चालले, काढल्यावर कसे दिसले (रेस म्हणजे बेअरिंगची कडी निळी पडलेली, पिंजरा तुटलेला, गंजलेले) हे लिहावे. न बिघडता काढलेल्यांचे तासही हवेतच. ते वगळले तर आयुष्य आहे त्याहून कमी दिसते, आणि चांगली बेअरिंग आणखी लवकर भंगारात जातात.

एकाच कारणाचे पाच-सहा बिघाड जमले की वायबुल आलेख (किती तासांनी किती भाग बिघडले ते दाखवणारा) मांडता येतो. त्याच्या रेषेचा चढ म्हणजे बीटा, वयानुसार बिघाड घटतो की वाढतो ते तो सांगतो. बीटा 1 पेक्षा कमी आला तर बसवणी सुधारा. 1 च्या आसपास असेल तर तास मोजून बदलण्यात अर्थ नाही, कंपन आणि तापमान मोजा. 3 च्या पुढे गेला तर ठरावीक तासांनी जरूर बदला. मात्र ग्लँडमधून (पंपाच्या दांड्याभोवतीच्या सीलमधून) रस शिरून गेलेले बेअरिंग आणि अलाइनमेंट चुकल्याने गेलेले बेअरिंग एकाच आलेखात घातले, तर बीटा फसवा येतो.

पंपाला अवर-मीटर नसले तरी शिफ्टच्या लॉगबुकातल्या चालू-बंद वेळा पुरतात. स्टँडबाय पंपाचा हिशेब वेगळा ठेवावा, कारण शेजारच्या पंपाच्या कंपनाने बंद पंपाच्या बेअरिंगच्या रेसवरही खुणा पडतात.

आपला,
एक वाचक