गुप्तवार्तेच्या इशाऱ्यात काय असावे?

महोदय,

१३ फेब्रुवारी २०१० रोजी पुण्यातील कोरेगाव पार्कातल्या जर्मन बेकरीत स्फोट होऊन १७ जण मृत्युमुखी पडले. २६/११च्या कटातील डेव्हिड हेडलीने जवळच्याच छबाड हाऊस या ज्यू केंद्राची टेहळणी केल्याचे त्याआधीच उघड झाले होते.

कारगिलनंतर २००१मध्ये गुप्तचर यंत्रणांतील माहितीच्या देवाणघेवाणीसाठी मल्टी एजन्सी सेंटर (मॅक) स्थापन झाले. २६/११नंतर, ३१ डिसेंबर २००८च्या आदेशाने, त्याला बळ मिळाले. राज्यांत उपकेंद्रेही आहेत. घोडे अडते ते इशाऱ्याच्या मजकुरात. ‘गर्दीच्या ठिकाणी दक्षता घ्यावी’ एवढ्यावर पोलीस ठाण्याच्या निरीक्षकाने लक्ष्मी रस्त्यावर करायचे तरी काय?

सूत्राची विश्वासार्हता आणि माहितीची खात्री यांना वेगवेगळी श्रेणी द्यावी. भरवशाचा माणूसही ऐकीव गोष्टी सांगतोच. स्रोताची ओळख वगळून ठाण्यापर्यंत देता येईल असा मजकूर रेघेखाली स्वतंत्र लिहावा, नाहीतर अख्खा कागद ‘गोपनीय’ शिक्क्यासह वरच अडकतो.

प्रत्येक माहितीला मूळ क्रमांकही हवा. तो नसला की एकाच खबऱ्याची बातमी आयबी, राज्य गुप्तवार्ता विभाग आणि एटीएस अशा तीन वाटांनी येते आणि तिघांनी दुजोरा दिल्यासारखी भासते. नावांच्या स्पेलिंगमुळे उलटे घडते: एकच माणूस तीन नोंदींत विखुरतो. म्हणून पासपोर्ट किंवा मोबाइल क्रमांक मिळेल तिथे जोडावाच.

इशाऱ्याची मुदत लिहावी; बेमुदत बंदोबस्त लवकरच ढिला पडतो. ठाण्याने काय तपासले, काय आढळले, हा अहवाल मूळ यंत्रणेकडे परत जावा. किती इशारे पाठवले याऐवजी कितींचे उत्तर आले, हा आकडा गृह विभागाने दरमहा मागावा.

– एक वाचक, पुणे