जुनी कायद्याची पुस्तकं रद्दीत घालायच्या आधी एकदा उघडून तरी बघा

संपादक साहेब, स. न. वि. वि.

मी कोर्टातून शिरस्तेदार (कचेरीचा मुख्य कारकून) म्हणून रिटायर झालो. सगळी नोकरी मराठवाड्यातच गेली, त्यामुळं कोर्टाच्या कागदांवर जीव आहे, म्हणून हे लिहितोय. मागच्या उन्हाळ्यात एका तालुक्याच्या ठिकाणी कामानिमित्त गेलो होतो, गावाचं नाव घेत नाही कारण हे एकाच गावचं नाहीये. तिथं बार लायब्ररीला रंग द्यायचं काम निघालेलं आणि मागच्या खोलीतली दोन कपाटं रिकामी करून पुस्तकं व्हरांड्यात ओतलेली. रद्दीवाला काटा घेऊन हजर. मी विचारलं ही कुठली पुस्तकं, तर म्हणले निजामाच्या काळातली हायेत, सगळं उर्दूत, आता कोण वाचतंय, आणि तसंही आता सगळं मोबाईलवर मिळतं की. मी विनंती केली, रद्दीचा जो भाव असेल तो देतो म्हणलं, आणि दीड पोतं भरून घरी आणलं. बाकीचं माझ्यासमोर टेम्पोत गेलं, मला ते काही थांबवता आलं नाही.

त्यातलं एक पुस्तक सांगतो. निजामाच्या हायकोर्टाच्या निकालांचा खंड आहे, शिळाछापाचा, म्हणजे कातिबानं हातानं लिहून दगडावरून छापलेला. पुठ्ठ्याचं लाल कापड विटून विटकरी झालंय, कसरीनं पहिल्या पानापासून चाळीसाव्या पानापर्यंत सरळ बोगदा पाडलाय. आत एका पानावर उर्दू मजकुराच्या बाजूला समासात मोडीत दोन ओळी आहेत. माझे वडील अर्जनवीस, म्हणजे लोकांचे अर्ज लिहून देणारे होते, त्यांनी लहानपणी मोडी गिरवून घेतली होती म्हणून मला लागली. लिहिलंय की ही नजीर (म्हणजे आधीच्या निकालाचा दाखला) इनामाच्या, म्हणजे सरकारनं बक्षीस दिलेल्या जमिनीच्या दाव्यात दाखवली, मुन्सिफ साहेबांनी (खालच्या कोर्टाच्या जजांनी) मानली नाही. खाली सही नाही, तारीख नाही. पानात खूण म्हणून जुन्या हैदराबादी स्टॅम्प पेपरची पट्टी. म्हणजे बघा, कायदा उर्दूत, वकील मराठी, टिपण मोडीत आणि दावा आपल्याच भागातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या जमिनीचा! मराठवाड्याचा सगळा इतिहास त्या एका पानाच्या कडेला बसलेला आहे आणि तो किलोवर चालला होता.

माझी भाची पुण्याला लॉ करते. तिला हे सांगितलं तर तिनं मला अमेरिकेतल्या येल लॉ स्कूलच्या लायब्ररीचे फोटो दाखवले. तिथं दुर्मिळ कायदा पुस्तकांचं वेगळं दालन आहे. ब्लॅकस्टोन नावाच्या इंग्रज कायदेपंडितानं १७६५ ते १७६९ मध्ये चार खंड लिहिले, इंग्लंड-अमेरिकेत वकील पिढ्यानपिढ्या त्याच्यावर शिकले, त्या एका ग्रंथाच्या आवृत्त्यांचा जगातल्या मोठ्यात मोठ्या संग्रहांपैकी एक तिथं आहे. एकच पुस्तक, मग इतक्या आवृत्त्या कशाला? तर कोणत्या वर्षी काय बदललं, कोणाच्या हातात होती, कोणी समासात काय खरडलं, हे सगळं त्यांना अभ्यासाला लागतं. नुसते जाडजूड ग्रंथच ठेवलेत असंही नाही, लहान मुलांच्या गोष्टींत कायदा कसा येतो त्या पुस्तकांचा सुद्धा संग्रह आहे, त्यांच्या सुप्रीम कोर्टाच्या जजांच्या मान डोलवणाऱ्या बाहुल्या आहेत, आणि वेळोवेळी प्रदर्शनं भरवतात. मला सगळ्यात भारी वाटलं ते बाइंडिंगचं प्रदर्शन. पूर्वी युरोपात बाइंडर लोक जुनी हस्तलिखितं फाडून त्यांचं चामड्याचं पान नव्या पुस्तकाच्या पुठ्ठ्याला लावायचे, कायद्याच्या पुस्तकांच्या अंगावर असे मध्ययुगातल्या हस्तलिखितांचे तुकडे निघाले आणि त्यांनी त्याच तुकड्यांचं प्रदर्शन मांडलं. तिकडं रद्दीतून वाचलेल्या तुकड्याला काचेच्या पेटीत जागा मिळते हो. पुस्तक हाताळायची पण पद्धत आहे, उशीसारख्या आधारावर ठेवायचं, पाठ मोडेल इतकं उघडायचं नाही, हात स्वच्छ आणि कोरडे. आपण कपाट उपडं करतो.

कोणी म्हणेल अमेरिकेचं आपल्याला काय. पण कायद्याच्या बाबतीत आपला भाग काही लहान नाही. हिंदू वारसाहक्काचा कायदा ज्याच्यावर उभा राहिला तो मिताक्षरा ग्रंथ कुठं लिहिला गेला? चालुक्यांच्या कल्याणीत, विज्ञानेश्वरांनी, विक्रमादित्य सहावा राजा असताना, म्हणजे साधारण नऊशे वर्षांपूर्वी. आजचं बसवकल्याण ते. आमचं उदगीर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यातच होतं आणि कल्याणही बीदर जिल्ह्यातच, म्हणजे आमच्या घरचंच म्हणा. वडिलोपार्जित जमिनीत मुलाला जन्मापासून हक्क हे तत्त्व त्या ग्रंथातलं, कोलब्रुक नावाच्या इंग्रजानं १८१० साली त्याच्या वारसाहक्काच्या भागाचं भाषांतर कलकत्त्यात छापलं आणि मग इंग्रजांची कोर्टं त्याच्यावर निकाल द्यायला लागली. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलींना तोच जन्मजात हक्क मिळाला. वाटणीच्या दाव्यांच्या किती मिसली, म्हणजे फायली, मी हातावेगळ्या केल्या त्याचा हिशेब नाही, प्रत्येकात कुठं ना कुठं मिताक्षराचं नाव, पण तो ग्रंथ डोळ्यानं बघितलेला एक वकील मला भेटला नाही. देवगिरीच्या हेमाद्रीचा चतुर्वर्गचिंतामणी हा धर्मशास्त्राचा ग्रंथ पण आपल्याच मातीतला.

निजामाच्या राज्यात १८८० च्या दशकात कोर्टातून फारसी जाऊन उर्दू आली, पुढं उस्मानिया विद्यापीठासाठी जो भाषांतराचा विभाग काढला होता त्यानं कायद्याची पुस्तकं सुद्धा उर्दूत आणली. १९४८ ला आपण स्वतंत्र झालो, १९५० चा हैदराबाद कूळकायदा आला, मग १९५६ ला मुंबई राज्यात आणि १९६० ला महाराष्ट्रात, कायदे बदलत गेले आणि जुनी पुस्तकं मागच्या खोलीत सरकत गेली. त्याचं काय होतं ते आपण आत्ताच बघितलं की. २०२३ ला कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली तेव्हा निजामकालीन दप्तराचे बस्ते सोडावे लागले आणि उर्दू-मोडी वाचणारी माणसं शोधत फिरावं लागलं. ज्या कागदाला कोणी विचारत नव्हतं त्याच्यावर लोकांच्या लेकरांचं ॲडमिशन आणि नोकरी अडकली.

माझं मागणं मोठं नाही. छत्रपती संभाजीनगरला १९८१ पासून हायकोर्टाचं खंडपीठ आहे, २०१७ पासून राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. यातल्या कोणीतरी एक खोली द्यावी, फक्त मराठवाड्याच्या जुन्या कायदा पुस्तकांसाठी, ओल नसलेली आणि ऊन न येणारी. आठही जिल्ह्यांतल्या वकील संघांना एक पत्र जावं की १९५६ च्या आधीचं काहीही असेल तर रद्दीला देऊ नका, आधी कळवा. जुन्या वकिलांच्या घरी माळ्यावर ट्रंका आहेत, त्यांच्या मुलांना उर्दू येत नाही म्हणून ते पण वाटच बघतायत की कोणीतरी न्यावं. आणि लॉच्या पोरांना वर्षातून एकदा तरी तिथं नेऊन पुस्तक हातात द्यावं. स्कॅनिंग जरूर करा, पण स्कॅन करायला आधी पुस्तक राहिलं पाहिजे ना. आणि घाई एवढ्यासाठी की आमच्याकडं शिकस्ता म्हणजे घसटलेली उर्दू वाचणारे जे जुने लोक आहेत ते सगळे सत्तरीच्या पुढं गेलेत.

माझ्याकडची पुस्तकं सध्या घरात कडुलिंबाचा पाला घालून लाल कापडात बांधून ठेवलीत. एकूण ४३ आहेत. शेजारच्या गल्लीतले एक रिटायर उर्दू मास्तर दर रविवारी येतात, ते वाचून सांगतात आणि मी वहीत नाव, साल, छापखाना उतरवून घेतो. आत्तापर्यंत १७ झाली. जी संस्था नीट सांभाळेल तिला सगळी वहीसकट देऊन टाकतो, एक रुपया नको, न्यायचं भाडं पण मीच देईन.

आपला,
एक निवृत्त शिरस्तेदार, उदगीर