कोडे चिठ्ठ्यांत छापा

महोदय,

रविवारच्या बालपुरवणीतली तर्ककोडी एकट्याने पेन्सिल घेऊन सोडवायची असतात. तेच कोडे चिठ्ठ्यांत वाटून दिले, तर पाच मुलांना एकमेकांचे ऐकल्याशिवाय गत्यंतर नसते. वर्गात अशी कोडी घेणाऱ्या आम्हा शिक्षकांची विनंती आहे की, महिन्यातून एकदा तरी असे कोडे छापावे.

नमुना देतो. चाळीत एका रांगेत चार खोल्या, जिन्याकडून क्रमांक १ ते ४. बिऱ्हाडे जोशी, पवार, शेख आणि डिसूझा यांची. न्याहारीला एका घरी पोहे, एका घरी उपमा, एका घरी घावन, एका घरी थालीपीठ. थालीपीठ कोणाकडे? एवढे फळ्यावर लिहायचे. बाकीचे पाच चिठ्ठ्यांत, प्रत्येकाला एक: पवार चौथ्या खोलीत राहतात. शेख आणि डिसूझा लगतच्या खोल्यांत नाहीत. पवारांच्या लगतची खोली शेखांची नाही. पहिल्या खोलीत पोहे आहेत. उपम्याचे घर आणि घावनाचे घर यांच्यामध्ये नेमकी एक खोली आहे.

नियम एकच, पण कडक. चिठ्ठी मोठ्याने वाचायची, कितीही वेळा. दुसऱ्याला दाखवायची नाही, हातात द्यायची नाही. ही ढिलाई झाली की गटातले हुशार मूल पाचही चिठ्ठ्या पुढ्यात ओढते आणि उरलेले चौघे खिडकीबाहेर बघतात. मध्ये चार चौकोन आखलेला कागद आणि नावांचे, पदार्थांचे मिळून आठ कपटे ठेवावेत. लिहून घेऊ देऊ नये, कारण लिहिणाऱ्याच्या हाती सूत्रे जातात. कपटे मात्र कोणीही सरकवू शकते. गटात सहावे मूल असेल, तर त्याला चिठ्ठी न देता फक्त कपटे लावायला द्यावेत. त्याला सगळ्यांचेच ऐकावे लागते.

सर्वांत जास्त गाडी अडते ती 'नाही'वाल्या चिठ्ठ्यांपाशी. 'पवारांच्या लगतची खोली शेखांची नाही' ही चिठ्ठी सुरुवातीला वाचली, तर तिचा काहीच उपयोग दिसत नाही. वाचणारे मूल ती कामाची नाही असे धरून गप्प बसते, आणि पवार जागेवर बसल्यानंतर, जेव्हा ती खरी हवी असते, तेव्हा कोणाला आठवत नाही. म्हणून एकेक कपटा पक्का झाला की पाचही चिठ्ठ्यांची पुन्हा फेरी घ्यावी. मोठी माणसेही अशीच वागतात. गॅरोल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये प्रयोगातून दाखवले की, गटचर्चेत सगळ्यांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींचाच काथ्याकूट होतो. एकालाच ठाऊक असलेली गोष्ट बाहेर यायची राहून जाते. मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांनी तर १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत धडाच तुकड्यांत वाटला होता. गोरी, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुले तेव्हा नुकतीच एका वर्गात आली होती आणि त्यांच्यात तेढ होती. ज्याच्याकडे तुकडा, त्याचे ऐकणे भागच होते.

कोडे रचताना मात्र घाई नको. एकेक चिठ्ठी झाकून कोडे सोडवून बघावे. झाकूनही उत्तर येत असेल, तर ती चिठ्ठी फुकट. उदाहरणार्थ, वरच्या कोड्यात 'जोशींच्या दोन्ही बाजूंना शेजारी आहेत' अशी सहावी चिठ्ठी घालायचा मोह होतो. पण पवार चौथ्या खोलीत आणि शेख-डिसूझा लगत नाहीत, एवढ्यावरच जोशी दुसऱ्या खोलीत जातात. ती चिठ्ठी ज्याला मिळेल, त्याला न विचारताही गटाचे काम भागते, आणि मुलांच्या हे चटकन लक्षात येते. 'डावीकडे', 'उजवीकडे' हे शब्दही टाळावेत. मुले गोलात बसतात, तेव्हा डावे कोणाचे यावरच भांडण जुंपते. म्हणून तर जिन्यापासून क्रमांक दिले.

छापताना चिठ्ठ्यांमध्ये कात्री फिरेल इतकी जागा आणि तुटक रेघ असावी. चिठ्ठ्यांच्या मागच्या बाजूला दुसरे कोडे येऊ नये, नाहीतर एक कापताना दुसरे जाते. उत्तर वेगळ्या पानावर द्यावे.

(वरच्या कोड्याचे उत्तर: डिसूझा, खोली क्रमांक ३.)

– काही गणित शिक्षक, डोंबिवली