दयेचा अर्ज कोणाच्या टेबलावर आहे?

महोदय,

फाशीच्या कैद्याला दया दाखवावी की नाही, यावर आपल्या सदरात दोन्ही बाजूंची पत्रं येतात. माझी नोकरी कारागृह विभागात लिपिक म्हणून झाली, त्यामुळे मला हा वाद जरा वरवरचा वाटतो. पुष्कळदा निर्णय फाईल पडून राहिल्यानेच लागतो.

पुण्यातल्या २००७ सालच्या बीपीओ कर्मचारी तरुणीच्या खुनाचा खटला घ्या. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम केली. दयेचा अर्ज राज्यपालांनी २०१६ मध्ये आणि राष्ट्रपतींनी २०१७ मध्ये फेटाळला. वॉरंट मात्र निघालं २०१९ मध्ये! मग उच्च न्यायालयाने विलंबापायी फाशी रद्द करून ३५ वर्षांची कैद दिली. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवलं. न्यायालयांचं काही चुकलं नाही. पण त्या मुलीच्या घरच्यांना काय सांगायचं, टपाल उशिरा गेलं म्हणून?

याच्या उलट तऱ्हा. राष्ट्रपतींनी २०१२ मध्ये ज्यांची फाशी माफ केली, त्यांतला एक कैदी २००७ मध्येच तुरुंगात वारला होता.

जन्मठेपवाल्यांच्या ‘चौदा वर्षांच्या’, म्हणजे चौदा वर्षं भोगून झाल्यावर मुदतपूर्व सुटकेच्या, फायली तर मी स्वतः लावल्या आहेत. नॉमिनल रोल (कैद्याच्या शिक्षेचा तपशील), वर्तनाचा शेरा, पोलिसांचा अहवाल, जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा अभिप्राय, न्यायाधीशांचं मत. यातला एक कागद कमी असला की फाईल परत. पोलिसांच्या अहवालात ठरलेलं वाक्य असायचं: ‘सुटका केल्यास गावात तणाव निर्माण होण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ एका कैद्याचं गाव धरणात जाऊन माणसं चार ठिकाणी पांगली होती, तरी त्याच्याही अहवालात हे वाक्य होतंच. त्यावर सही करणाऱ्याने गाव पाहिलं नव्हतं, हे उघड आहे.

आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या कायद्याच्या, कलम ४७२ ने दयेच्या अर्जांना मुदती घातल्या, असं सांगतात. नीट वाचा. कैद्याने अर्ज ३० दिवसांत करायचा. केंद्राने शिफारस ६० दिवसांत करायची, पण ते दिवस मोजायचे राज्याचा अभिप्राय आणि कारागृहाचे कागद पोचल्यापासून. राज्याने अभिप्राय किती दिवसांत द्यायचा? तिथे आकडाच नाही. राज्यपाल आणि राष्ट्रपतींनाही मुदत नाही. घड्याळ लावलंय ते कैद्याला आणि दिल्लीतल्या कारकुनाला.

सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या त्याच निकालात प्रत्येक राज्याला दयेच्या अर्जांसाठी स्वतंत्र कक्ष नेमायला सांगितलं आहे. आपल्या गृह विभागाने त्या कक्षाचा तक्ता संकेतस्थळावर टाकावा: अर्ज कधी आला, सध्या कोणाच्या टेबलावर आहे, तिथे किती दिवस आहे. कैद्याचं नाव नको, नुसता क्रमांक चालेल. टेबलावरच्या अधिकाऱ्याचं पदनाम मात्र हवंच.

– एक निवृत्त लिपिक, कारागृह विभाग
(नाव छापू नये, ही विनंती)