पंखा बंद करणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

कालच परीक्षकांसमोर माझं प्रोजेक्ट झालं, किरणोत्सर्गातले अल्फा कण पकडून टिकटिक ऐकवणारा डबा. स्पीकरमधली टिकटिक ऐकून बाहेरून आलेल्या बाई खुर्ची सोडून डब्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. तेव्हाच ठरवलं, तुम्हाला लिहायचं. तुमच्याकडे व्हॉट्सॲप नाही, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. लॅमिंग्टन रोडवर कोणीतरी वाचून दाखवेलच.

अल्फा कणाची पोच ती केवढी! हवेत काही सेंटिमीटर, आणि मध्ये कागद आला की संपलं. तो पकडायचा तर सिलिकॉनची चिप उघडीच हवी. पण ऐकतं कोण? एका चकचकीत काउंटरवर काळ्या प्लास्टिकमधला फोटोडायोड, म्हणजे उजेड ओळखणारी सिलिकॉनची चिप, हातात ठेवला, ‘सब सेम है मॅडम.’ गॅमा किरणांसाठी तो चालतो हो, अल्फा त्या प्लास्टिकमध्येच अडकतो. दुसरीकडे तर रिपोर्टसकट रेडीमेड प्रोजेक्टच देऊ केलं, वर बाइंडिंग फुकट. आणि आमच्याच एका सरांचं म्हणणं, मुलींनी या किरणोत्सर्गाच्या भानगडीत पडूच नये. सरांचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही मात्र आधी विचारलं, ‘काच काढल्यावर आतली तार तुटली तर दुसरा पीस आणलायस का?’ माझं ऐकून घेऊन कोणीतरी नेमका प्रश्न विचारला, तो पहिल्यांदाच. वर काच असलेला, पत्र्याच्या टोपीतला तो बीपीएक्स ६१ फोटोडायोड, आत जेमतेम सात चौरस मिलिमीटरची चिप, तिला केसाएवढी तार. तुम्ही काच कशी काढलीत ते इथे लिहीत नाही, ते हात तुमचेच.

पण आभार त्याचे नाहीत. आभार पंख्याचे आहेत.

थोरियमचा एक अल्फा कण चिपमध्ये थांबला की जेमतेम दहा-अकरा लाख इलेक्ट्रॉन सुटतात. आकडा मोठा वाटतो, सिग्नल मात्र नावापुरता. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सगळं बंद करूनही सिग्नल दाखवणाऱ्या स्कोपच्या पडद्यावर नुसतं खरखरीचं गवत उगवलेलं. मी रडकुंडीला आले होते. तुम्ही कान देऊन ऐकल्यासारखं केलंत आणि म्हणालात, ‘रेग्युलेटर बोलतोय.’ उठून पंखा बंद केलात. मे महिना, दुपार, तुमचं ते कपाटाएवढं दुकान! गवत खाली बसलं. मग आजोबांच्या पेट्रोमॅक्स बत्तीचं जुनं, थोरियम असलेलं मँटल (जाळीची वात) डब्यात ठेवलं. थोड्या वेळाने एक टोक उठलं. मग बराच वेळ काही नाही. मग आणखी एक. मध्ये बेस्टच्या तिकिटाची घडी सरकवली, तर सगळं शांत.

गिऱ्हाईक आलं की तुम्ही हातानेच ‘थांब’ म्हणायचात. सदरा पाठीला चिकटलेला, तरी ‘झालं का पोरी?’ असं एकदाही विचारलं नाहीत. १९७८ साली इंटेलच्या दोघांनी शोधलं होतं की मेमरी चिपच्या वेष्टनातूनच अल्फा कण सुटतात आणि आतले बिट, म्हणजे साठवलेले शून्य-एक, उलटे करतात, हे मी सांगितलं तेव्हा केवढे हसलात! म्हणालात, ‘म्हणजे त्या जुन्या बोर्डांना भूत लागलं नव्हतं तर.’

या शहरात कोणाला वेळ नाही म्हणतात. असतो हो, पण तो बहुतेक छोट्या दुकानांतच सापडतो. मोठ्या केबिनमध्ये मला तरी नाही मिळाला. शिकलेल्या माणसांनी दार लावून घ्यावं आणि सोल्डरिंग करणाऱ्याने घाम गाळत बसावं, हे मला नीट पचलेलं नाही.

पुढच्या महिन्यात माझ्या मागच्या वर्गातल्या दोघी येतील. त्यांना काचेचाच फोटोडायोड द्या. तुम्ही पैसे घेतले नाहीत, म्हणून मी त्यांच्याबरोबर जुन्या पद्धतीचा, खटक्यांचा रेग्युलेटर पाठवतेय. तो गरम होतो, पण बोलत नाही. मुकाट्याने बसवून घ्या.

तुमची,
डबेवाली पोरगी