मान मोडून घेऊ नकोस

परळ, मुंबई

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

न्हावी दाढीनंतर मान दोन्हीकडे कडकन मोडून देतो आणि तेवढ्यापुरतं हलकं वाटतं, असं तू फोनवर सहज बोलून गेलास. मला मात्र रात्री झोप लागेना. हे आधी बंद कर. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतल्या छिद्रांतून वर जातात. झटक्याने मान पिळली तर एखादीच्या आतल्या अस्तराला चीर पडू शकते आणि त्यातून पक्षाघात होतो. क्वचितच घडतं असं, पण तुझ्या बाबतीत मला तेवढाही धोका नको.

तुझं दुखणं मला स्नायूंचं वाटतं. मान आणि खांद्याच्या मधे दाबलं की कळ कानामागून कानशिलात जाते म्हणालास, तो ट्रॅपेझियस या मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेल्या स्नायूचा वरचा भाग. स्नायूत ताठर पट्टा आणि त्यात हुळहुळी गाठ, याला ट्रिगर पॉइंट म्हणतात. कुठली गाठ कुठे कळ पाठवते याचे नकाशे जॅनेट ट्रॅव्हेल आणि डेव्हिड सायमन्स या अमेरिकन डॉक्टरांनी १९८३ मध्ये छापले. केईएममध्ये शिकताना ते मी अक्षरशः पाठ केले होते. गाठ नेमकी कशामुळे होते यावर अजून वाद आहेत.

उपचार सौम्य असतो. गाठीवर अंगठ्याने सोसेल इतकाच दाब द्यायचा, कळ ओसरेपर्यंत धरायचा, मग स्नायू हळूहळू ताणायचा. नंतर तू माझ्या हाताविरुद्ध डोकं हलकेच रेटायचंस, पाचेक सेकंदांनी सैल सोडायचंस. मान आणखी थोडी वळते. डोळ्यांत पाणी येईपर्यंत दाबणाऱ्याकडे जाऊ नकोस.

मात्र नुसत्या हाताने आलेला आराम टिकत नाही, सोबत व्यायाम हवाच. उताणं झोपून, डोकं न उचलता हनुवटी किंचित आत घ्यायची, दहा सेकंद धरायची, असं दहा वेळा. आणि विरार ते चर्चगेट मान खाली घालून मोबाइल बघणं कमी कर, निदान अधूनमधून मान वर कर.

हाताला मुंग्या येतात का? शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळतात का? चालताना तोल जातो? यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टर, मग माझा हात.

रविवारी दादरला उतर, मी घ्यायला येतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनय